दहा गुणसूत्रांची माळ

प्लॅटिपसच्या नराच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. त्यांतली दहा लिंग-गुणसूत्रे: पाच एक्स आणि पाच वाय. मादीत त्याच पाच एक्सच्या पाच जोड्या. माणसाचे, वाघाचे, हत्तीचे काम एका एक्सवर आणि एका वायवर भागते. प्लॅटिपसला दहा लागतात. त्याचा नातलग एकिडना, म्हणजे काटेरी मुंगीखाऊ, आणखी विचित्र. त्याच्या नरात पाच एक्स आणि चार वाय, त्यामुळे नराची एकूण बेरीज ६३ आणि मादीची ६४. अंडी घालणाऱ्या सस्तनांचे आज एवढेच दोन गट उरले आहेत, प्लॅटिपसची एक जात आणि एकिडनाच्या चार, आणि ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी सोडून ते कुठेच सापडत नाहीत. गुणसूत्रे मोजणाऱ्यांना या दोघांनी जेवढे दमवले तेवढे क्वचितच दुसऱ्या सस्तनाने दमवले असेल.

मोजणीमागे एक जुना प्रश्न आहे. एक्सवर शेकडो जनुके असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा नर किंवा मादी असण्याशी काही संबंध नसतो. रक्त गोठवणे, स्नायू धडधाकट ठेवणे, रंग ओळखणे अशी नित्याची कामे ती करतात. मादीकडे त्यांच्या दोन प्रती, नराकडे एक. जितक्या प्रती तितका माल, असे सरळ गणित असते तर मादीच्या पेशीत ती प्रथिने दुप्पट झाली असती. पण प्रथिने एकेकटी राबत नाहीत. इतर गुणसूत्रांवरच्या जनुकांनी बनवलेल्या प्रथिनांशी त्यांचे प्रमाण जुळावे लागते. डाळ तेवढीच आणि मीठ दुप्पट, असे झाले तर आमटी बिघडणारच. हा फरक भरून काढणाऱ्या व्यवस्थेला हर्मन मुलर यांनी १९३२ मध्ये नाव दिले: मात्रा-भरपाई.

मुलर यांचा प्राणी होता ड्रोसोफिला, पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारे चिलट. चिलटाच्या नरातला एकटा एक्स दुप्पट जोमाने काम करतो. हे डोळ्यांना दिसेल असे ए. एस. मुखर्जी आणि वोल्फगांग बेअरमान यांनी १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले. चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाडजूड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांच्यावरचे पट्टे दिसतात. त्या ग्रंथी किरणोत्सारी युरिडीनमध्ये ठेवायच्या, काचेवर चिरडून पसरायच्या आणि वर फोटोच्या फिल्मवर असते तसे इमल्शन चढवायचे. गुणसूत्राचा जो भाग त्या वेळी आरएनए बनवत असेल, तिथे चांदीचे काळे कण उमटतात. मग कण मोजत बसायचे. नराच्या एका एक्सवरचे कण मादीच्या दोन्ही एक्सवरच्या कणांच्या जवळपास भरले. मुखर्जी पुढे कोलकात्यात काम करत राहिले, आणि तिथून हा विषय बनारसच्या प्रयोगशाळांपर्यंत गेला.

सस्तनांनी नेमकी उलटी वाट धरली. १९४९ मध्ये मरे बार आणि एवर्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशीत, केंद्रकात, एक गडद ठिपका दिसला. बोक्यात तो नव्हता. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगावरच्या रंगांच्या चट्ट्यांवरून मांडले की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद पडतो. कोणता, ते नशिबावर. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच का असते, याचे उत्तर यातच आहे. नारिंगी की काळा, हा निवाडा करणारे जनुक एक्सवर असते, आणि अंगाच्या एका तुकड्यात आईकडचा एक्स चालू असतो तर शेजारच्या तुकड्यात बापाकडचा.

त्याच १९६१ सालची दुसरी गोष्ट महाराष्ट्रातल्या बागायतदाराच्या ओळखीच्या किडीची आहे. पिठ्या ढेकूण: द्राक्षाच्या घडात, सीताफळाच्या डोळ्यांत, कापसाच्या शेंड्यावर पीठ सांडल्यासारखा दिसणारा. या गटातल्या नराच्या पेशीत गुणसूत्रांचा निम्मा संच घट्ट गोळा होऊन पडलेला असतो, हे फ्रान्झ श्रेडर यांनी १९२१ मध्येच पाहिले होते. तो संच कुणाचा, हे स्पेन्सर ब्राउन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी ठरवले. नरांवर क्ष-किरणांचा जबर मारा करून त्यांनी त्यांची पुढची पिढी पाहिली. मुली मेल्या, मुलगे जगले. बापाकडून आलेली गुणसूत्रे मोडली तरी मुलग्यांचे काही बिघडले नाही, कारण त्यांच्या अंगात तो संच मुळातच कुलूपबंद होता. पुढे शुक्रपेशी बनताना तो टाकूनही दिला जातो. पिठ्या ढेकणाच्या मुलग्यात बाप खरोखरच नावापुरता असतो.

ब्राउन यांच्याबरोबर काम केलेले एच. शरत चंद्र पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. १९७५ मध्ये या दोघांनी 'नेचर'मध्ये सस्तनांचा एक्स आणि पिठ्या ढेकणाचा संच एकाच सूत्रात ओवला: गुणसूत्र कोणत्या जनकाकडून आले याचा छाप त्यावर राहतो आणि बंद पडणे त्या छापावर अवलंबून असू शकते. आधाराला कांगारू होता. कांगारूच्या मादीत नेहमी बापाकडचाच एक्स बंद असतो, असे जी. बी. शारमन यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. छाप रसायनाच्या भाषेत कसा दिसतो, याचा माग १९८२ च्या निबंधात काढलेला दिसतो. पिठ्या ढेकणाच्या डीएनएवर मिथिल गट जोडलेले कोणते बेस आहेत ते त्यात तपासले होते आणि लेखकांत चंद्र यांच्याबरोबर दिलीप देवबागकर होते. पुण्यात दीप्ती देवबागकर यांच्या गटाने पुढे, २०१४ च्या सुमारास, हाच हिशेब माणसात दुसऱ्या बाजूने पाहिला. काही स्त्रिया एकच एक्स घेऊन जन्मतात. त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. दुसरा एक्स नाहीतरी बंदच पडायचा, तर तो नसल्याने काही बिघडू नये. पण बिघडते: उंची खुंटते, बीजकोश नीट वाढत नाहीत. कारण बंद एक्सवरची सगळीच जनुके बंद नसतात. माणसात सुमारे १५ टक्के चालू राहतात. कुलूप आहे, पण दार पुरते लागत नाही.

अंडज सस्तनांकडे संशोधक वळले ते ठाम अपेक्षा घेऊन. अंडी घालतात आणि दूधही पाजतात, म्हणजे हे सरपटणारे प्राणी आणि आपण यांच्यातली पायरी. तेव्हा त्यांची गुणसूत्रेही मधलीच असणार. प्राणिशास्त्रातल्या कितीतरी भल्या माणसांना या पायरीवर ठेच लागली आहे.

खुद्द प्राण्यावरच विश्वास बसायला वेळ लागला होता. प्लॅटिपसचे कातडे १७९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेले. पुढच्या वर्षी जॉर्ज शॉ यांनी त्याचे वर्णन छापले, तेही चोच कुणी लबाडीने चिकटवली नाही ना, अशी शंका मनात धरून. तो अंडी घालतो की पिल्ले, यावर ८५ वर्षे वाद झाला. तिथले मूळ रहिवासी अंड्यांबद्दल सांगत होते, पण युरोपातल्या पंडितांनी ते मनावर घेतले नाही. शेवटी १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल यांची चार शब्दांची तार माँट्रियलच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वाचली गेली. त्याच दिवशी, २ सप्टेंबरला, ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके यांनी एकिडनाच्या पोटपिशवीत सापडलेले अंडे विद्वानांसमोर ठेवले. निकाल लागला. गुणसूत्रांचा निकाल लागायला आणखी १२० वर्षे जायची होती.

गुणसूत्रे मोजणे हे मूळचे हातकाम. पेशी वाढवायच्या, कोल्चिसीन घालून त्यांचे विभाजन ऐन रंगात थांबवायचे, पातळ क्षारपाण्यात त्या फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात पक्क्या करायच्या, आणि त्यांचा थेंब वरून काचपट्टीवर सोडायचा. फुगलेली पेशी फुटून पसरते आणि गुणसूत्रे सुटी होतात. मग रंग, मग फोटो, आणि मग कात्री: फोटोतले एकेक गुणसूत्र कापून लांबीप्रमाणे जोड्या लावायच्या. बिक आणि शारमन यांनी १९७५ मध्ये प्लॅटिपसची ५२ गुणसूत्रे नोंदवली. मादीच्या फोटोतल्या जोड्या लागत. नराच्या फोटोत कापलेल्या तुकड्यांपैकी काही शेवटी टेबलावर बिनजोडीचे उरत. १९७७ मध्ये मर्टाग यांनी वृषणातल्या पेशी पाहिल्या, तेव्हा ती बिनजोडीची मंडळी एकमेकांची टोके धरून साखळीत उभी असलेली दिसली. कोण कुणाचा शेजारी, हे मात्र त्या काळच्या रंगांनी सांगता येईना. सगळी बारकी, सगळी सारखी.

ते सांगता आले २००४ मध्ये. कॅनबेरात फ्रँक ग्रुट्झनर व जेनिफर मार्शल ग्रेव्ह्ज आणि केंब्रिजमध्ये विलेम रेन्स यांच्या गटांनी प्रत्येक गुणसूत्राला स्वतंत्र झळाळता रंग दिला आणि माळ सुटली: एक्स-१, वाय-१, एक्स-२, वाय-२, असे आळीपाळीने थेट वाय-५ पर्यंत. प्रत्येकाचे एक टोक डाव्या शेजाऱ्याशी मिळतेजुळते, दुसरे उजव्या शेजाऱ्याशी. म्हणून ती हात धरून उभी राहतात. शुक्रपेशी बनताना माळेतला एक सोडून एक असा दुवा एकाच दिशेला ओढला जातो. पाचही एक्स एका पेशीत, पाचही वाय दुसरीत. उरलेली २१ प्रत्येकीत येतात, म्हणजे कोणतीही शुक्रपेशी घ्या, २६ भरतात. मधल्या एखाद्या दुव्याने दिशा चुकवली तर ती पेशी वाया गेली. इतके नाजूक यंत्र कोट्यवधी वर्षे चालत आले आहे, हे या प्राण्याचे खरे नवल. चोच त्यापुढे काहीच नाही.

अशी माळ होते कशी, याचा छोटा नमुना आपल्याच जंगलात आहे. सह्याद्री-सातपुड्यातल्या भेकराच्या मादीत सहाच गुणसूत्रे असतात, नरात सात. सस्तनांत याहून कमी कुणाकडे नाहीत. भेकराच्या एक्सला एक साधे गुणसूत्र जाऊन चिकटले. त्या साध्या गुणसूत्राचा जोडीदार नरात एकटा पडला आणि दुसरा वाय म्हणून वागू लागला. प्लॅटिपसच्या घराण्यात तुकड्यांची अशी देवाणघेवाण पुन्हा पुन्हा झाली. २०२१ मध्ये प्लॅटिपस आणि एकिडना दोघांचेही जीनोम बारकाईने वाचून छापले गेले. त्यातून असे दिसते की पूर्वजात ही माळ दोन्ही टोके जोडलेली, म्हणजे कडे होती.

माळ सुटली आणि मग एक छापील चूकही सुटली. १९८८ मध्ये ग्रेव्ह्ज यांच्या गटाने मादी प्लॅटिपसच्या काही पेशींत एक्सचा एक भाग, बंद एक्सप्रमाणे, स्वतःची प्रत उशिरा काढतो असे नोंदवून निष्कर्ष काढला होता की अंडज सस्तनांत एक्स अर्धवट बंद पडतो आणि ते सस्तनांच्या वाटचालीतला मधला टप्पा आहेत. १९९० मध्ये त्याच गटाने प्लॅटिपसच्या एक्सवर माणसाच्या एक्सची जनुके सापडल्याचे सांगितले. २००८ मध्ये प्लॅटिपसचा जीनोम पहिल्यांदा वाचला गेला, आणि त्याच वर्षी ग्रेव्ह्ज यांचाच सहभाग असलेल्या निबंधाने ही जोड खोडली. माणसाच्या एक्सशी जुळणारा भाग प्लॅटिपसमध्ये आहे, पण साध्या, सहाव्या गुणसूत्रावर. त्याच्या पाच एक्सवर माणसाच्या एक्समधले काही नाही. उलट त्यांचा मोठा भाग पक्ष्यांच्या झेडशी जुळतो. आपल्या वायवरचे नर ठरवणारे एसआरवाय जनुक प्लॅटिपसला नाहीच. अठरा वर्षांपूर्वीचे स्वतःचे छापलेले खोडायला लागते ती विज्ञानातली सर्वात दुर्मिळ वस्तू, आणि ग्रेव्ह्ज यांच्याकडे ती होती.

पायरीची कल्पना इथेच संपली. प्लॅटिपसची लिंग-गुणसूत्रे आपल्याहून जुनी नाहीत आणि आपलीही त्यांच्यातून आलेली नाहीत. फाटा फुटला सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर दोन्ही घराण्यांनी आपापली लिंग-गुणसूत्रे स्वतंत्रपणे घडवली.

आता मात्रेचा प्रश्न. मादीत पाच एक्सच्या जोड्या, नरात एकेकच. मग भरपाई होते का? जेनिन डीकिन, ग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मादीच्या त्वचेखालच्या पेशी घेऊन एकेका जनुकाचा ताजा आरएनए झळाळत्या रंगाने दाखवला. जनुकाच्या दोन्ही प्रती चालू असतील तर केंद्रकात दोन ठिपके, एकच चालू असेल तर एक. माणसाच्या बंद एक्सवरच्या जनुकासाठी पाहिले तर जवळजवळ प्रत्येक केंद्रकात एकच ठिपका असतो. प्लॅटिपसमध्ये साधारण निम्म्या केंद्रकांत एक आणि निम्म्यांत दोन. म्हणजे इथे अख्खे गुणसूत्र बंद होत नाही. एकेक जनुक एकेका पेशीत नाणेफेक केल्यासारखे चालू राहते किंवा गप्प बसते. आपल्यात एक्स बंद करणारा एक्सिस्ट नावाचा आरएनए कांगारूच्या घराण्यातही नाही. त्यांच्याकडे आरएसएक्स नावाचा वेगळा आरएनए आहे, तो २०१२ मध्ये सापडला. प्लॅटिपसमध्ये तसला कुठलाच सापडलेला नाही. परिणामी मात्रा अंदाजे जुळते, काटेकोर नाही, आणि काही जनुकांच्या बाबतीत मादीकडे जास्त आरएनए राहतोच.

पक्ष्यांचे हेच असते. पक्ष्यांत हिशेब उलटा: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. भोपाळच्या झाडांवर उन्हाळ्यात ओरडणारा काळा कोकीळ नर असतो, दोन झेडचा. ठिपक्यांची मादी एका झेडवर भागवते. याच शहरात २०१८ मध्ये आयसर भोपाळच्या गटाने मोराचा जीनोम वाचून प्रसिद्ध केला. रक्त घेतले होते वन विहारातल्या नर मोराचे. त्यामुळे त्यात दोन झेड होते आणि डब्ल्यू अर्थातच नव्हता. बहुतेक सापांमध्येही झेड-डब्ल्यूच असतात. बनारस हिंदू विद्यापीठात एस. पी. रायचौधरी आणि लालजी सिंग यांनी १९७० च्या सुमारास दाखवले होते की अजगरात लिंग-गुणसूत्रे दिसायला सारखीच, तर मण्यारीसारख्या विषारी सापात डब्ल्यू वेगळा पडून घट्ट गोळा झालेला. लिंग-गुणसूत्रे एकमेकांपासून दुरावत कशी जातात, हे काचपट्टीवर पाहायला साप बरे.

झेडची जनुके प्लॅटिपसच्या एक्सवर आली, म्हणून नर ठरवणेही पक्ष्यांसारखेच असेल, असे काही काळ वाटले. कोंबडीच्या झेडवर डीएमआरटी१ नावाचे जनुक आहे. २००९ मध्ये दिसले की कोंबड्याच्या गर्भात त्याची मात्रा कमी केली तर वृषण बीजकोशासारखे घडू लागते. दोन प्रती म्हणजे नर. प्लॅटिपसमध्ये हेच जनुक एक्स-५ वर आहे. पण तिथे दोन प्रती मादीकडे असतात. तेव्हा तोच नियम इथे लागू होणे शक्य नाही. २०१४ मध्ये प्लॅटिपस आणि एकिडनाच्या वायवर एएमएचवाय हे जनुक सापडले आणि नर ठरवण्याचा सर्वात भक्कम दावा आज त्याचा मानला जातो.

मात्रेच्या हिशेबातली ताजी नोंद २०२४ ची. कोंबडी आणि प्लॅटिपस या दोघांत आरएनए मोजला तर नर-मादीतला फरक दिसतो. प्रथिने मोजली तर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे आरएनए तयार झाल्यानंतर, प्रथिन बनवताना किंवा बनल्यावर, पेशी कुठेतरी खातेवही जुळवते. मुलर यांच्यापासून ९० वर्षे प्रयोगशाळा प्रामुख्याने जनुकाच्या उंबरठ्यावर उभे राहून मोजत आल्या, आणि या दोन प्राण्यांत बाकीची भरपाई त्या उंबरठ्याच्या बरीच पुढे होत होती.

या सगळ्या इतिहासातले प्राणी मोजकेच आहेत. पहिला जीनोम न्यू साउथ वेल्समधल्या एकाच मादीचा होता. पकडून ठेवलेल्या प्लॅटिपसला पिल्लू होऊन ते जगल्याची पहिली नोंद व्हिक्टोरियातल्या हील्सव्हिल इथली, १९४३-४४ च्या हंगामातली. पुढची नोंद, तीही हील्सव्हिलचीच, त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आली. एएमएचवाय काढून टाकले तर नराचे काय होते, हा सरळ प्रयोग त्यामुळे अजून कुणी केलेला नाही.